सत्तेबाहेरचा आमदार : सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांचे प्रकरण

सत्तेत नसेल त्या आमदाराच्या मतदारसंघातली कामे होत नाहीत, असे पक्ष बदलणारे अनेक आमदार सांगतात. लोकांनाही ते पटते, कारण निधी, मंजुऱ्या आणि अधिकाऱ्यांच्या बदल्या या सगळ्याच्या किल्ल्या मंत्रालयात असतात. हे म्हणणे कितपत खरे, हे तपासायला महाराष्ट्रात एक फार चांगले प्रकरण आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला मतदारसंघाने शेतकरी कामगार पक्षाच्या (शेकाप) गणपतराव देशमुखांना अकरा वेळा विधानसभेवर पाठवले. १९६२ ते १९७२, १९७४ ते १९९५ आणि १९९९ ते २०१९ असे तीन टप्पे धरले, तर ही आमदारकी एक्कावन्न वर्षांच्या आसपास जाते. त्यात ते सरकारमध्ये होते फक्त दोनदा. १९७८ साली शरद पवारांच्या पुलोद, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाच्या, मंत्रिमंडळात आणि १९९९ साली विलासराव देशमुखांच्या आघाडी मंत्रिमंडळात. पुलोद सरकार फेब्रुवारी १९८०मध्ये बरखास्त झाले आणि २००२ साली शेकापने आघाडीचा पाठिंबा काढला. दोन्ही मिळून पाच वर्षेसुद्धा भरत नाहीत. बाकी सगळा काळ विरोधी बाकावर, तोही अशा पक्षाच्या बाकावर की ज्याचे २०१४ साली राज्यभरात तीनच आमदार निवडून आले होते.

एवढ्या तुटपुंज्या बळावर एक माणूस आपल्या तालुक्यासाठी नेमके काय करू शकतो? त्यांच्या साधेपणाच्या आठवणी भरपूर लिहिल्या गेल्या आहेत आणि त्या योग्यच आहेत. पण माझ्या मते या प्रकरणात अभ्यासण्यासारखी गोष्ट साधेपणाच्या पुढे आहे. ती म्हणजे एकच प्रश्न पन्नास वर्षे न सोडण्याची पद्धत.

तालुका कसा होता

सांगोला पर्जन्यछायेत आहे. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पावसाचा कहर चालू असतो, तेव्हा इथे वारा सुटतो आणि ढग पुढे निघून जातात. वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर, तोही परतीच्या पावसावर भिस्त ठेवून. माण नदी दहिवडी-म्हसवडकडून आटपाडीमार्गे तालुक्यात येते आणि पुढे भीमेला मिळते, पण वर्षातले बहुतेक महिने तिच्यात वाळूच दिसते. तालुक्यातल्या दुसऱ्या एका नदीचे नावच कोरडा आहे. १८७६च्या मोठ्या दुष्काळानंतर इंग्रजांनी म्हसवडजवळ राजेवाडीचा तलाव बांधला, त्याच्या पाण्याचा काही वाटा इकडे आला. वीर धरणाचा नीरा उजवा कालवाही फलटण, माळशिरस, पंढरपूर करत सांगोल्यापर्यंत पोचतो, पण पोचतो तो शेपटाकडून. कालव्याच्या टेलला असणे म्हणजे काय, हे तिथल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. वर उसाला पाणी चालू असते आणि खाली ज्वारी करपत असते.

अशा तालुक्यात माणसे घोंगडी, मेंढ्या, खिलार जनावरे यांवर जगली. नाहीतर बाहेर पडली. कुणी ऊसतोडीला गेले, कुणी गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, धंद्यात देशभर पांगले. सांगोल्याचा जनावरांचा बाजार नावाजलेला आहे, पण दुष्काळात त्याच बाजारात बैल मातीमोलाने विकले जायचे. आमदाराकडे येणाऱ्या माणसाच्या हातातला अर्ज वेगवेगळा असेल, कुणाचा रस्त्याचा, कुणाचा शाळेचा, कुणाचा रेशनकार्डाचा. अर्जाखालचे कारण मात्र बहुतेक वेळा एकच, पाणी.

माणूस कुठून आला

गणपतराव मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे. कायद्याचे शिक्षण घेऊन ते सांगोल्यात वकिली करू लागले. त्यांच्या तरुणपणी शेकाप हा ग्रामीण महाराष्ट्रातला खरा पर्याय होता. शंकरराव मोरे, केशवराव जेधे, तुळशीदास जाधव यांच्यासारखे नेते काँग्रेसमधून बाहेर पडले, १९५०मध्ये दाभाडीच्या अधिवेशनात पक्षाने मार्क्सवादी भूमिका घेतली, पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात पक्ष रस्त्यावर होता. १९६०मध्ये राज्य झाले आणि १९६२ साली त्या राज्याची पहिली निवडणूक झाली. त्याच निवडणुकीत हा पस्तिशीतला वकील सभागृहात पोचला.

ही पार्श्वभूमी मी मुद्दाम सांगतो आहे. तालुक्याच्या कोर्टात वकिली करणाऱ्याला सातबारा, कूळ, बांधाची भांडणे, सावकारी खते हे सगळे तोंडपाठ होते. माणसाची अडचण कुठल्या कलमात अडकली आहे, हे त्याला लगेच दिसते. त्यात शेकापची शिकवण अशी की दुष्काळ हा देवाचा कोप मानायचा नाही, तो पाण्याच्या वाटपाचा प्रश्न मानायचा. गणपतरावांच्या पुढच्या सगळ्या कामाचा पाया मला या दोन गोष्टींत दिसतो. ते स्वतः धनगर समाजातले आणि सांगोल्यात हा समाज मोठा आहे, हेही खरे. पण केवळ जातीच्या हिशेबाने अर्धे शतक निवडून येता येत नाही, आणि त्यांची ओळख शेवटपर्यंत लाल बावट्याचीच राहिली. तालुका त्यांना आबासाहेब म्हणायचा.

निवडणूक लोकवर्गणीतून लढवायची, प्रवास एसटीने करायचा, मुंबईत आमदार निवासात राहायचे, ही त्यांची रीत राज्यभर माहीत आहे. एसटीतल्या आमदार-खासदारांसाठी राखीव आसनावर बसलेला आमदार पाहिलेली माणसे आज फार थोडी उरली असतील. हा साधेपणा मला राजकारणाचे साधनही वाटतो. ज्याच्याकडे कारखाना नाही, कॉलेजांची साखळी नाही, ठेकेदारांचे जाळे नाही, त्याला सरकारने धरायचे कशाला? चौकशीची भीती नाही आणि कर्जाच्या हमीची लाचारी नाही. त्यामुळे कुठल्याही मुख्यमंत्र्यासमोर, मग तो मित्र असो की विरोधक, तोच प्रश्न त्याच आवाजात विचारता येतो.

सभागृहातले हत्यार

विरोधी आमदाराला योजना मंजूर करता येत नाही. पण सरकारला नोंदीवर आणता येते. तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, दिला की तो संबंधित खात्याकडे जातो, खाते जिल्ह्याकडून माहिती मागवते, आणि जी फाईल टेबलाखाली पडलेली असते ती उत्तरासाठी वर काढावी लागते. मंत्र्याने सभागृहात ‘कार्यवाही करू’ म्हटले की त्याचे आश्वासन होते आणि विधिमंडळाची आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करू शकते. अर्थसंकल्पावरच्या चर्चेत तरतूद किती आणि खर्च किती हे विचारता येते. लक्षवेधी आहे, कपात सूचना आहे. आयुधे सगळ्यांना सारखीच मिळतात, वापरणारे थोडे.

गणपतराव ही आयुधे वापरणाऱ्यांतले म्हणून ओळखले गेले. पूर्ण वेळ सभागृहात बसणारा, अर्थसंकल्पाचे पुस्तक वाचून येणारा, शेती, पाटबंधारे आणि रोजगार हमीवर आकड्यांनिशी बोलणारा सदस्य अशी त्यांची ख्याती होती. पहिल्यांदा निवडून आल्याला पन्नास वर्षे झाल्यावर विधिमंडळाने त्यांचा गौरव केला, तेव्हा तो करण्यात सत्ताधारी आणि विरोधक दोघेही होते.

रोजगार हमीचे उदाहरण इथे चपखल बसते. १९७२च्या दुष्काळातून ही योजना उभी राहिली, १९७७मध्ये तिचा कायदा झाला आणि १९७९पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम हा हक्क झाला. सांगोल्यासारख्या तालुक्यात त्या कामांतून पाझर तलाव, नालाबांध, रस्ते झाले. पुढे १९९०मध्ये राज्याने फळबाग लागवड रोजगार हमीशी जोडली, तेव्हा इथल्या हलक्या, मुरमाड जमिनीत डाळिंब आणि बोर उभे राहिले. कमी पाण्यावर तग धरणारे आणि बहर धरायचा की नाही हे शेतकऱ्याला ठरवू देणारे पीक मिळाले. अजनाळ्यासारखी गावे डाळिंबाच्या पैशावर बदलली. ही योजना कुणा एका आमदाराची नाही, पण ती शेतापर्यंत यायला तालुक्यात सही, मोजणी, अनुदान या साखळीमागे लागणारा कुणीतरी असावा लागतो.

पाणी

आता मुख्य गोष्ट. सांगोला भीमेच्या खोऱ्यात येतो आणि पाणी कृष्णेत आहे. बच्छावत लवादाने १९७६मध्ये महाराष्ट्राला कृष्णेचे ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले, पुनरुद्भवासह, म्हणजे वापरून नदीत परत येणारे पाणी धरून, हा आकडा ५८५पर्यंत जातो. हे पाणी ठरलेल्या मुदतीत, म्हणजे मे २०००पर्यंत, अडवून वापरात आणायचे होते. नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला हे काम बरेच मागे पडलेले होते आणि जे पाणी अडले त्यातले बरेचसे नदीकाठच्या उसाकडे जात होते.

१९९३मध्ये आटपाडीत पाणी संघर्ष परिषद भरली. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आणि गणपतराव देशमुख ही तिघांची नावे या चळवळीशी कायमची जोडली गेली आहेत. सातारा, सांगली आणि सोलापूर जिल्ह्यांतले तेरा दुष्काळी तालुके एकत्र आले. मागणी दोन पातळ्यांची होती. कृष्णेचे पाणी उचलून दुष्काळी भागात आणा, ही पहिली. आणि आलेले पाणी समन्यायी पद्धतीने वाटा, जमीन असो वा नसो प्रत्येक कुटुंबाचा त्यावर हक्क माना, ही दुसरी. परिषद एकदाच भरून थांबली नाही. दर वर्षी भरत राहिली, हजारो माणसे भाकरी बांधून येत राहिली.

इथे एक वळण येते. १९९५च्या निवडणुकीत गणपतराव पडले. शहाजीबापू पाटलांनी त्यांना १९२ मतांनी हरवले. चळवळ ऐन भरात असताना आमदारकी गेली. १९९६मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले, कृष्णेचे पाणी उचलणाऱ्या टेंभू योजनेने आकार घेतला, आणि त्या वर्षांत सभागृहात त्यांचा आवाज नव्हता. तरीही ते परिषदेत होते. सभागृहाबाहेरचे हे व्यासपीठ नसते, तर त्या चार वर्षांत तालुक्याची मागणी आमदाराबरोबरच घरी बसली असती. १९९९मध्ये ते परत निवडून आले तेव्हा प्रश्न जिथे सोडला होता तिथून पुढे सरकलेला होता. आमदारकीच्या जोडीला चळवळ का लागते, याचे याहून नेमके उदाहरण माझ्या माहितीत नाही.

टेंभू योजना कराडजवळ कृष्णेचे पाणी उचलते आणि टप्प्याटप्प्याने चढवत कडेगाव, खानापूर, तासगाव, कवठेमहांकाळ, आटपाडी करत सांगोल्यापर्यंत आणते. मूळ आराखड्यात सुमारे २२ टीएमसी पाणी आणि ८० हजार हेक्टरांचे लाभक्षेत्र, त्यातले २० हजार हेक्टर सोलापूर जिल्ह्यातले. सांगोला या योजनेच्या शेवटच्या टोकाला आहे. म्हणजे नीरेच्या कालव्यावर जे दुःख होते, तेच इथेही यायची भीती. त्यासाठी पाटबंधाऱ्यातला ‘टेल टू हेड’चा नियम, म्हणजे आधी शेवटच्याला आणि मग वरच्याला पाणी, कागदावरून कालव्यावर उतरवावा लागतो. तो आपोआप उतरत नाही. दर आवर्तनाला, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याच्या दर पाळीला, कुणाला तरी अधिकाऱ्याच्या मागे उभे राहावे लागते.

दुसरी अडचण विजेची. पाणी शेकडो मीटर उचलायचे तर पंपांचे बिल अवाढव्य येते. ते थकले की पंप बंद आणि पंप बंद की कालवा कोरडा, असे कित्येक उन्हाळे गेले. सांगली-साताऱ्याच्या ऊसपट्ट्यात पाणीपट्टी साखर कारखान्यांच्या बिलातून कापून घेता येते. डाळिंबाच्या शेतकऱ्याचा माल व्यापारी बांधावरून उचलतो, तिथे कपात करणार कोण? पुढे सरकारने उपसा योजनांच्या वीजबिलाचा ८१ टक्के भार स्वतः घेतला आणि १९ टक्के शेतकऱ्यांवर ठेवला. दुष्काळी तालुक्यांनी वर्षानुवर्षे धरून ठेवलेल्या मागणीला मिळालेले हे सगळ्यांत व्यवहारी यश असे मी म्हणेन. योजना बांधून होते, उद्घाटन होते, पण ती चालते ती वीजबिलावर.

टेंभूचे पाणी माण नदीत उतरले आणि बंधारे भरले, म्हैसाळ या कृष्णेवरच्या दुसऱ्या उपसा योजनेचे पाणी कोरडा नदीकडे वळले, तेव्हा गणपतरावांनी नव्वदीकडे वाटचाल केली होती. पिण्याच्या पाण्यासाठी शिरभावी प्रादेशिक योजनेने ऐंशीहून अधिक गावांना भीमेच्या पाण्याशी जोडले. उजनीतून दोन टीएमसी पाणी आणणारी सांगोला उपसा सिंचन योजना मात्र त्यांच्या हयातीत मार्गी लागली नाही. तिला गती मिळाली ती त्यांच्यानंतर, शहाजीबापूंच्या आमदारकीच्या काळात. हे श्रेय ज्याचे त्याला दिले पाहिजे.

कापूस नसलेल्या तालुक्यात सूतगिरणी

सांगोल्यात कापूस पिकत नाही. तरी तिथे शेतकरी सहकारी सूतगिरणी उभी राहिली, गणपतराव तिचे संस्थापक. मागचा विचार सरळ होता. सोलापूर, इचलकरंजीला सुताची बाजारपेठ आहे, आणि तालुक्याला पावसावर अवलंबून नसलेला रोजगार हवा आहे. सहकारी सूतगिरण्यांना राज्य सरकारचे मोठे भागभांडवल मिळते. सभासदांचे पाच टक्के, सरकारचे पंचेचाळीस, बाकीचे कर्ज, असा त्याचा साचा होता. या साच्यामुळेच राज्यातल्या अनेक गिरण्या बुडाल्या, कारण दुसऱ्याच्या पैशावर संचालकांनी चैन केली आणि भार सरकारी तिजोरीवर टाकला. सांगोल्याची गिरणी अशा काळात चालत राहिली म्हणून तिचे नाव घेतले जाते. पुढे महिलांची सूतगिरणीही निघाली.

साधेपणाचा आर्थिक उपयोग काय, हे इथे कळते. संस्थेचा प्रमुख संस्थेच्या गाडीतून फिरत नसेल, तर खालच्या माणसाची हिंमत होत नाही. सहकाराच्या पुस्तकात हे वाक्य सापडणार नाही, पण गिरणीच्या ताळेबंदात ते दिसते.

उणी बाजू

या प्रकरणाची जी बाजू मला अस्वस्थ करते, तीही सांगितली पाहिजे. पन्नास वर्षांत सांगोल्यात शेकापची दुसरी फळी आमदारकीच्या उंचीला पोचली नाही. तालुक्यातला पक्ष म्हणजे आबासाहेब, असे समीकरण होऊन बसले. शिकलेल्या मुलांना औद्योगिक वसाहत, मोठे कारखाने, शहरातले रोजगार हवे होते, आणि ते देण्याचे बळ तीन आमदारांच्या पक्षात नव्हते. पाण्यासाठी वाट पाहणाऱ्या पिढीने धीर धरला. पुढच्या पिढीने तो का धरावा, याचे उत्तर तालुक्यातल्या शेकापकडे नव्हते.

२०१४ साली ते सुमारे पंचवीस हजार मतांनी जिंकले. २०१९ साली वयामुळे त्यांनी उभे राहायचे नाही असे ठरवले. पक्षाने आधी घराबाहेरचा उमेदवार पुढे केला, पण कार्यकर्ते ऐकेनात आणि शेवटी नातू डॉ. अनिकेत देशमुख रिंगणात उतरले. ते ७६८ मतांनी हरले, तेही शहाजीबापूंकडूनच. आयुष्यभर घराणेशाहीपासून लांब राहिलेल्या माणसाच्या पक्षाला शेवटी घरातलेच नाव लागले, याचा दोष मी नातवंडांना देत नाही. तो पक्षबांधणीतला दोष आहे. आटपाडीच्या परिषदेने तेरा तालुक्यांत बोलणारी माणसे तयार केली, तालुक्यातल्या पक्षाला ते जमले नाही.

३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात वयाच्या ९४व्या वर्षी गणपतराव गेले. २०२४च्या निवडणुकीत त्यांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख शेकापकडून निवडून आले, आणि विधानसभेत पक्षाचे ते एकमेव आमदार आहेत.

म्हणजे प्रकरण जिथून सुरू झाले, जवळपास तिथेच नव्या आमदाराची सुरुवात आहे. सोबत पक्ष नाही आणि हातात सत्ता नाही. फरक पाण्याचा आहे. तालुक्यात आता टेंभू, म्हैसाळ, नीरा उजवा कालवा आणि उजनी अशा चार वाटांनी पाणी येते किंवा यायचे आहे. त्यामुळे भांडण पाणी आणण्याकडून वाटण्याकडे सरकले आहे. आवर्तनाचे वेळापत्रक आधी जाहीर होते का, टेलच्या गावाला पूर्ण दाबाने पाणी मिळते का, भूमिहीन कुटुंबाच्या हक्काचे काय झाले, पाणी आल्यावर तालुका उसाकडे वळतो की डाळिंबावर टिकतो? तेल्या रोगाने आणि खोडकिडीने बागा मोडलेला शेतकरी उसाचा विचार करतोच आहे. आटपाडीच्या मागण्यांमधली दुसरी, समन्यायी वाटपाची, अजून मोठ्या प्रमाणात बाकी आहे. ती तारांकित प्रश्नांत येते की नाही, हे येत्या अधिवेशनांच्या कामकाजात कुणालाही वाचता येईल.